सूर्यालाही एक तारा समजून बघा : सौरशास्त्रज्ञांना आणि ग्रहशोधकांना खुलं पत्र

प्रति,
अहमदाबाद, उदयपूर, बंगळुरू, नैनिताल आणि पुणे येथील सौरशास्त्रज्ञ व परग्रहशोधक

विषय : ग्रह शोधणाऱ्या वर्णपटमापकांतून रोज दिवसा सूर्याची नोंद घेण्याबाबत आणि ती नोंद सर्वांना खुली करण्याबाबत

स. न. वि. वि.

दोघांना मिळून एकच पत्र लिहितो आहे, त्याला कारण आहे. दिवसा काम करणारे आणि रात्री काम करणारे खगोलशास्त्रज्ञ एकाच संस्थेत असले तरी सहसा एकमेकांच्या वाटेला जात नाहीत, असं मी बाहेरून बघत आलो आहे. सूर्यवाल्यांच्या परिषदा वेगळ्या, ग्रहवाल्यांच्या वेगळ्या. नियतकालिकं वेगळी, परिभाषाही वेगळी. एकांची तक्रार प्रकाश फार होतो ही, दुसऱ्यांची प्रकाश पुरत नाही ही. मी दोघांपैकी कुणीच नाही. सोलापुरात महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस आहे आणि तुमचे जे शोधनिबंध फुकट वाचायला मिळतात ते वाचतो. त्या वाचनातून एक मागणी तयार झाली आहे, ती आडवळणं न घेता मांडतो. दुसऱ्या ताऱ्यांभोवती पृथ्वीसारखे ग्रह हुडकण्याच्या उद्देशाने बांधलेल्या प्रत्येक भारतीय वर्णपटमापकात, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत पसरून मोजणाऱ्या यंत्रात, दिवसा सूर्याचा प्रकाश सोडा. चाचणीपुरता नको, रोज सोडा, किमान एक पूर्ण सौरचक्र, म्हणजे अकरा वर्षं, सोडा, आणि आलेल्या नोंदी खुल्या करा. हे काम सूर्यवाल्यांनी आणि ग्रहवाल्यांनी एका टेबलाशी बसून करायचं आहे, म्हणून पत्र एकच.

पुढचं बरंचसं तुम्हाला ठाऊक आहे. पण पत्र खुलं आहे आणि ज्यांच्या करातून या दुर्बिणी उभ्या राहतात तेही ते वाचणार, तेव्हा थोडं मुळापासून सांगतो.

ग्रह ताऱ्याभोवती फिरतो तेव्हा ताराही जागचा थोडा हलतो. आपल्याकडे येताना त्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा निळ्याकडे सरकतात, दूर जाताना तांबड्याकडे. या सरकण्यावरून दृष्टिरेषेतला वेग मिळतो आणि वेगाच्या चढउतारावरून ग्रहाच्या वस्तुमानाचा अंदाज. १९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांनी ५१ पेगासी या ताऱ्याभोवतीचा ग्रह असाच पकडला आणि २०१९ मध्ये त्याबद्दल त्यांना नोबेल मिळालं. तो ग्रह ताऱ्याला अगदी लगटून, सव्वाचार दिवसांत एक फेरी मारणारा होता. त्यामुळे ताऱ्याचं डोलणं सेकंदाला पन्नास-साठ मीटर इतकं ठळक होतं. आता आपली सूर्यमाला घ्या. गुरू सूर्याला सेकंदाला साडेबारा मीटर वेगाने हलवतो, तोही बारा वर्षांच्या फेरीत. आणि पृथ्वी? सेकंदाला ९ सेंटिमीटर. मुंगीही बहुधा याहून फार मागे पडणार नाही. वर्णपटमापकातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपवर ही सरक काही अणूंच्या रुंदीएवढी भरते.

आज सहा हजारांहून अधिक परग्रह नोंदले गेले आहेत. पण सूर्यासारख्या ताऱ्याभोवती, पृथ्वीएवढ्या वस्तुमानाचा, वर्षभराने एक फेरी पूर्ण करणारा एकही ग्रह या वेगमापनाच्या पद्धतीने पक्का सापडलेला नाही. लोकांना वाटतं, दुर्बीण लहान पडते किंवा यंत्र कच्चं आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत ते खरंही होतं. आता चिलीतल्या एस्प्रेसोसारखी यंत्रं सेकंदाला १० सेंटिमीटरचं लक्ष्य ठेवून बांधली जातात. निर्वात टाकीत बसवलेला, तापमान अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत स्थिर ठेवलेला वर्णपटमापक ही आता नवलाई राहिलेली नाही. यंत्र सुधारलं तशी खरी अडचण उघडी पडली. तारा स्वतःच स्वस्थ बसत नाही.

सूर्याचा पृष्ठभाग चुलीवरच्या पिठल्यासारखा सतत रटरटत असतो. खालून तापलेला वायू वर येतो, थंड होतो, कडेने खाली जातो. अशा एकेका बुडबुड्याला ग्रॅन्यूल म्हणतात. साधारण हजार किलोमीटर रुंदीचा, आठ-दहा मिनिटांचा धनी. मधला वर येणारा भाग तापलेला म्हणून जास्त उजळ, कडेचा बुडणारा भाग मंद. सगळ्यांचा प्रकाश एकत्र केला की उजळ भागाचं पारडं जड होतं आणि पूर्ण सूर्य जणू सेकंदाला सुमारे तीनशे मीटर वेगाने आपल्याकडे येतो आहे, असा भास वर्णपटात उरतो. हा भास कायम तेवढाच राहिला असता तर वजा करून मोकळं होता आलं असतं. तसं होत नाही. जिथे चुंबकीय क्षेत्र एकवटतं तिथे हे रटरटणं दबतं, आणि तेवढ्या भागापुरता निळ्याकडचा कल कमी होतो. सौरचक्राच्या ऐन भरात असे भाग वाढतात, मंदीत घटतात. अकरा वर्षांच्या चक्रात सूर्याचा भासमान वेग त्यामुळे सेकंदाला कित्येक मीटरने वर-खाली होतो. नऊ सेंटिमीटर शोधायचे आणि मागे मीटरांचा गोंगाट!

त्यात आणखी भर आहेच. पाच मिनिटांच्या लयीत सूर्य थरथरतो. डाग आणि त्यांच्याभोवतीचे तेजस्वी पट्टे सुमारे २७ दिवसांत आपल्या समोरून फिरून येतात. आणि ग्रॅन्यूलपेक्षा कितीतरी मोठे, सुमारे तीस हजार किलोमीटर रुंदीचे सुपरग्रॅन्यूल आहेत, जे दिवस-दीड दिवस टिकतात. माझ्या मते सगळ्यात छळवादी हेच. पाच मिनिटांची थरथर तेवढ्याच लांबीची नोंद घेतली की बरीचशी पुसली जाते. ग्रॅन्यूलचा गोंधळ रात्रीत दोन-तीनदा तोच तारा पाहून कमी करता येतो. पण जी गोष्ट बदलायला दीड दिवस घेते ती एका रात्रीत कितीही वेळा पाहिली तरी सरासरीत जिरत नाही. हा मुद्दा ध्यानात ठेवा. भारताचं नाव पुढे येतं ते इथेच.

ताऱ्याचं वागणं न कळल्यामुळे काय होतं याचे दाखले तुमच्याच क्षेत्रात आहेत. २०१२ साली अल्फा सेंटॉरी बी या शेजारच्या ताऱ्याभोवती पृथ्वीएवढा ग्रह सापडल्याची बातमी जगभर पोचली. सव्वातीन दिवसांची फेरी, सेकंदाला अर्धा मीटर डोलणं. तीन वर्षांनी ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ग्रह अजिबात नसलेली कृत्रिम आकडेवारी तयार केली, मूळ निरीक्षणांच्या त्याच तारखांना ती मोजली, आणि तीच सव्वातीन दिवसांची लय पुन्हा वर आली. ग्रह निरीक्षणांच्या वेळापत्रकातून जन्मला होता. ग्लीस ५८१ डी या ग्रहाचंही तसंच. त्याच्यावर जीवसृष्टी असेल का याची चर्चा वर्षानुवर्षं झाली, आणि २०१४ मध्ये असं दिसलं की तो ताऱ्याच्या चुंबकीय हालचालींचा खेळ होता. या चुका कुणाच्या हलगर्जीपणाच्या नव्हेत. दूरचा तारा केवळ एक ठिपका. त्याच्यावर डाग कुठे आहे, रटरटणं कुठे दबलं आहे, हे बघायची सोयच नाही. उत्तर बरोबर की चूक, हे पडताळायला पाठ्यपुस्तकात असतं तसं उत्तरांचं शेवटचं पानही नाही.

सूर्याच्या बाबतीत ते पान आहे. त्याचे ग्रह किती, कुठे, किती वजनाचे, कोणत्या क्षणी तो कोणत्या वेगाने ओढला जातो आहे, हे सारं आपल्याला मिलिमीटरच्या हिशेबाने माहीत आहे. ते वजा केलं की सूर्याचा वेग शून्य यायला हवा. शून्य आला नाही तर जे उरलं ते सूर्याचं रटरटणं, यंत्राचा दोष किंवा मधल्या हवेचा. ग्रह तरी नक्कीच नाही. शिवाय ज्या घटकेला वर्णपट घेतला त्याच घटकेचं सूर्यबिंबाचं चित्र उपलब्ध असतं, डागांसकट आणि चुंबकीय क्षेत्राच्या नकाशासकट. कारण आणि परिणाम शेजारी-शेजारी ठेवता येतील असा तारा विश्वात आपल्यापुरता हा एकच.

ही कल्पना माझी नाही हे वेगळं सांगायला नको. ला पाल्मा बेटावर इटलीच्या गॅलिलिओ दुर्बिणीशी हार्प्स-एन नावाचा वर्णपटमापक जोडलेला आहे. २०१५ पासून त्याच्याजवळ एक पिटुकली सौरदुर्बीण बसवली आहे. भिंग तीन इंचांचं. वर पारदर्शक घुमट. भिंगातून आलेला प्रकाश आतून पांढऱ्या असलेल्या एका पोकळ गोलात सोडतात. तिथे तो इतक्यांदा उसळतो की बिंबाची डावी-उजवी बाजू उरतच नाही. मग ऑप्टिकल फायबरमधून तो वर्णपटमापकात जातो, रात्री ताऱ्याचा प्रकाश जातो तसाच. सूर्याचा ठिपका होतो. स्वच्छ दिवशी दर पाच मिनिटांना एक नोंद, तास न् तास. पहिल्या तीन वर्षांचे चौतीस हजारांहून अधिक वर्णपट त्यांनी सर्वांसाठी खुले केले. वर्णरेषांच्या आकारावरून ताऱ्याचा गोंधळ ओळखायला संगणकाला शिकवण्याचे प्रयोग याच नोंदींवर झाले. आता चिलीत ला सिल्याला, ॲरिझोनात किट पीकला आणि लॉवेल वेधशाळेत, हवाईत केक दुर्बिणीच्या वर्णपटमापकाला, अशा सोयी आहेत. चार यंत्रांनी एकाच काळात घेतलेल्या सूर्याच्या नोंदी शेजारी ठेवल्या तेव्हा त्यांची वळणं एकमेकांवर छान बसली, म्हणजे यंत्रं खरंच तारा मोजत होती, स्वतःलाच नव्हे.

त्याआधीचा एक प्रयोग मला विशेष आवडतो. सूर्याकडे थेट वळवता येत नव्हता अशा वर्णपटमापकाने वेस्टा या लघुग्रहावरून परतलेला सूर्यप्रकाश रात्री मोजला, आणि त्याच दिवसांची नासाच्या सौरयानाची चित्रं घेऊन ताडून पाहिलं. निष्कर्ष असा निघाला की डागांच्या काळेपणापेक्षा रटरटणं दबण्याचा परिणाम मोठा आहे. ग्रहवाल्यांना हे एकट्याने कळलं नसतं, कारण चित्र वाचणं हे सूर्यवाल्यांचं काम. आणि सूर्यवाल्यांना हा प्रश्नच पडला नसता, कारण समोर एवढं मोठं बिंब दिसत असताना त्याचा ठिपका कशाला करायचा?

आता आपल्याकडे वळतो.

पृथ्वीच्या गोलावर या सौरनोंदींची ठिकाणं मांडून पाहा. ला पाल्मा, मग पश्चिमेकडे चिली, ॲरिझोना, हवाई. हवाईत सूर्य मावळतो तेव्हा आपल्याकडे सकाळचे साधारण सव्वानऊ ते साडेदहा वाजलेले असतात. ला पाल्मात तो उगवतो तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे दुपारचा सव्वा वाजून गेलेला असतो, उन्हाळ्यात पावणेबारा. उगवल्यावर लगेच मोजता येत नाही, त्याला तासभर तरी वर येऊ द्यावं लागतं. म्हणजे या साखळीत रोज काही तासांचं भगदाड आहे, आणि ते बरोबर आपल्या दुपारच्या आसपास येतं. राजस्थानात अबूच्या डोंगरावर, जिथे आपला ग्रह शोधणारा वर्णपटमापक आहे, सूर्य डोक्यावर येतो साडेबाराच्या सुमाराला. सूर्य सर्वांत उंच, हवेचा थर सर्वांत पातळ, अशा वेळी ही नोंद घ्यायला आपण अगदी मोक्याच्या रेखांशावर बसलो आहोत. मी मघाशी सुपरग्रॅन्यूलचं म्हटलं ते यासाठी. दीड दिवस जगणाऱ्या गोष्टीचा पिच्छा एका ठिकाणाहून करता येत नाही, रात्र आड येते. अखंड साखळी हवी, आणि तिच्यात आज भारताच्या रेखांशाची कडी घातली तर ती पुरी होते.

पावसाळ्याचं काय, असं कुणी विचारेल. अबूला आणि उदयपूरला पावसाळ्यात आकाश मिळत नाही हे खरं. पण गंमत बघा, उत्तरेकडचे दिवस मोठे असतात तेव्हा हवाई आणि ला पाल्मा यांच्यामधली फट आपोआप अरुंद होते. ती सर्वांत रुंद होते हिवाळ्यात, आणि राजस्थानातलं हिवाळी आकाश कसं असतं ते तुम्हाला मी काय सांगू! शिवाय लडाखात, पावसाच्या सावलीत, हानलेची वेधशाळा आहेच.

अशा साखळीची सवयही आपल्याला आहे. सूर्याच्या थरथरीचा चोवीस तास पाठलाग करायला १९९५ च्या सुमारास गाँग नावाचं सहा केंद्रांचं जागतिक जाळं उभं राहिलं, त्यातलं एक केंद्र उदयपूरला आहे. फतेहसागर तलावातल्या बेटावर ज्यांची सौरवेधशाळा आहे त्या भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेचीच अबूला गुरुशिखरावर वेधशाळा आहे. तिथे अडीच मीटरच्या दुर्बिणीवर पारस-२ हा ग्रह शोधणारा वर्णपटमापक बसवलेला आहे. आधीच्या पारसने २०१८ मध्ये पृथ्वीच्या सुमारे २७ पट वस्तुमानाचा ग्रह मोजला, पारस-२ ने त्यानंतर आणखी. म्हणजे सूर्य वाचणारे आणि ग्रह शोधणारे, दोघांच्या पगारपत्रकावर एकाच संस्थेचा शिक्का. उदयपूर ते अबू अंतर एका दिवसात जाऊन परत येण्याचं आहे. टेबलाचा प्रश्न निदान तिथे तरी सुटावा.

बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे तर दौलत आहे. तिच्या कोडाईकनालच्या वेधशाळेत १९०४ पासून सूर्याची छायाचित्रं घेतली जात आहेत. शंभर वर्षांहून जास्त काळ, रोज, ढग नसतील तेव्हा. जॉन एव्हरशेड या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये डागांच्या कडेचा वायू बाहेर वाहतो हे वर्णपटातल्या सरकण्यावरून दाखवलं ते तिथेच. पण या पत्राच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. १९६९ पासून तिथल्या शास्त्रज्ञांनी वर्णपटातल्या कॅल्शियमच्या 'के' नावाच्या काळ्या रेषेत सूर्याला तारा समजून, म्हणजे पूर्ण बिंबाचा एकत्रित प्रकाश घेऊन, वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. ती परंपरा तिथले खगोलशास्त्रज्ञ वेणू बापू यांची. कॅल्शियमच्या त्याच रेषेच्या रुंदीवरून ताऱ्याचं खरं तेज ओळखता येतं हे त्यांनी ओलिन विल्सन या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाबरोबर १९५७ मध्ये मांडलं. पुढे विल्सनने अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत त्याच रेषांतून दूरच्या ताऱ्यांची अकरा वर्षांसारखी चक्रं शोधायला घेतली. सूर्य आणि तारे यांच्यात भिंत नसते हे बापूंच्या वेधशाळेला पन्नास वर्षांपूर्वी ठाऊक होतं. आज परदेशी निबंधांत 'सूर्य एक तारा म्हणून' हे शब्द नव्या कल्पनेच्या थाटात येतात तेव्हा मला जरा हसू येतं, आणि थोडा रागही. आपण स्वतःच ते विसरल्यासारखे का वागतो?

पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेने इस्रोच्या आदित्य-एल१ या सौरयानावर पाठवलेली सूट ही अतिनील दुर्बीण याच कामाची. जानेवारी २०२४ पासून आदित्य पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या त्या जागी आहे, जिथून सूर्य कधीच मावळत नाही. सूट पूर्ण बिंबाची चित्रं घेते, त्यांत मॅग्नेशियमच्या आणि कॅल्शियमच्या रेषाही आहेत. म्हणजे चुंबकीय क्षेत्राने रटरटणं कुठे दाबलं आहे याचा नकाशा. पारस-२ सारख्या यंत्रात दिवसा सूर्याचा ठिपका आणि त्याच मिनिटाचं सूटचं चित्र, एवढी जोडी रोज मिळाली तर कुठल्या भागाने ठिपक्याच्या वेगात किती भर घातली हे घरबसल्या काढता येईल. पुण्याच्या दुर्बिणीचा आणि परग्रहांचा संबंध काय, असं विचारणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना मी हेच उत्तर देतो.

पुण्याचं नाव निघालं म्हणून एक जुनी गोष्ट. तिथल्या सायन्स कॉलेजात कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी केली. वीस इंची आरसा असलेली दुर्बीण, त्या काळी भारतात सर्वांत मोठी. १८९८ च्या खग्रास ग्रहणात आमच्या जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकून त्यांनी सूर्याचे वर्णपट घेतले. ते निवृत्त झाले आणि १९१२ मध्ये वेधशाळा बंद पडली, सामान कोडाईकनालला गेलं. विजयदुर्गाच्या साहेबाच्या कट्ट्याची, म्हणजे १८६८ च्या ग्रहणात लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाला तिथून हेलियम सापडल्याची, गोष्ट आपल्याकडे दर ऑगस्टला निघते, खरं तर लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता. ते असो, पण जेऊरचं नाव कुणी काढत नाही. सांगायचं एवढंच की पुण्याची वेधशाळा एका माणसाच्या उत्साहावर चालत होती, तो माणूस गेला की ती संपली. सूर्याची रोजची नोंद एखाद्या होतकरू संशोधकाच्या पीएच.डी.वर टांगून ठेवली तर हेच होणार. प्रबंध सादर झाला की फायबर काढून कपाटात. ती नोंद संस्थेच्या दिनक्रमात बसली पाहिजे. कोडाईकनालला रोज सकाळी छायाचित्राची काच बदलणाऱ्या, ज्यांची नावं कुठल्याही निबंधात नाहीत अशा माणसांनी ती शंभर वर्षांची मालिका टिकवली.

खर्चाचं कारण पुढे करू नका, अशी विनंती आहे. मोठी गोष्ट, म्हणजे वर्णपटमापक, आधीच बांधलेला आहे, आणि सूर्य वर असताना तो ताऱ्यांकडे बघू शकत नाही. दिवसा यंत्राची देखभाल आणि जुळणी चालते हे मान्य, पण म्हणून तीन-चार तास निघणारच नाहीत असं नाही. उलट सूर्याची नोंद हीच यंत्राची रोजची तपासणी ठरते. काल आणि आज यांच्यात सूर्याचा वेग अचानक उडी मारतो, आणि आकाश स्वच्छ असून चित्रात त्याला काही कारण दिसत नाही, तर दोष यंत्रातच आहे. हार्प्स-एनच्या लोकांना आपल्या यंत्राच्या खोड्या अशाच कळल्या.

खऱ्या अडचणी वेगळ्या आहेत आणि त्या तुम्ही माझ्याहून चांगल्या जाणता. सूर्य क्षितिजाजवळ असतो तेव्हा बिंबाच्या खालच्या कडेचा प्रकाश जास्त जाड हवेतून येतो, वरच्या कडेचा कमी. सूर्य स्वतःभोवती फिरत असल्याने त्याची एक बाजू सेकंदाला दोन किलोमीटरने आपल्याकडे येते, दुसरी तितक्याच वेगाने लांब जाते. एका बाजूचा प्रकाश जरासा जास्त गळला की तोल जातो आणि खोटा वेग दिसतो. अर्ध्या बिंबावरून पातळ ढगाचं पीस गेलं तरी तेच. त्यासाठी शेजारी थेट ऊन मोजणारं साधन ठेवतात, आणि शंका आली की ती नोंद बाजूला काढतात. राजस्थानातली धूळ हा इथला स्थानिक विषय आहे. उन्हाळ्यातल्या दुपारी तिचं काय करायचं हे ला पाल्माच्या अनुभवातून तंतोतंत कळणार नाही. सहारातली धूळ तिथेही येते म्हणा.

सूर्य हा एकच तारा आहे, एका वयाचा, एका स्वभावाचा, आणि जरा शांतच. त्याच्यावरून सगळ्या ताऱ्यांचं अनुमान कसं काढायचं? ही हरकत मला गंभीर वाटते. तांबड्या खुज्या ताऱ्यांचं रटरटणं वेगळं, तरुण ताऱ्यांचे डाग राक्षसी. तिथे सूर्य उपयोगी पडेलच असं नाही. पण आपण शोधतो आहोत दुसरी पृथ्वी, सूर्यासारख्याच ताऱ्याजवळ. युरोपचं प्लेटो यान अशाच ताऱ्यांसमोरून ग्रह सरकताना बघण्यासाठी आखलं आहे. त्याने दाखवलेल्या ग्रहांची वजनं मोजायला शेवटी जमिनीवरचे वर्णपटमापकच लागणार, आणि ज्यांना सूर्य वाचता येतो त्यांनाच ते जमणार. हार्प्स-३ हा नवा वर्णपटमापक घेऊन ला पाल्मावरच काही थोडे सूर्यासारखे तारे दहा वर्षं दर रात्री पाहण्याची योजना आहे, तेही याच हिशेबाने.

आणि एक परीक्षा अशी आहे, जी केवळ सूर्यावरच घेता येते. सूर्याच्या रोजच्या शेकडो नोंदींतून मुद्दाम कंजूषपणे दिवसाला एकच निवडा. चार महिने पावसाळ्याच्या नावाने गाळून टाका. मग त्यात पृथ्वीचं ते नऊ सेंटिमीटरचं डोलणं गुपचूप मिसळा आणि आकडे दुसऱ्या गटाला द्या. त्यांना ग्रह सापडला का? न मिसळताही सापडला का? हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. अल्फा सेंटॉरीच्या वेळी तो विचारायला तीन वर्षं लागली. भारतीय गटांनी आपापल्या पद्धतींची ही परीक्षा एकमेकांकडून घ्यावी आणि निकाल छापावेत, नापासांसकट.

नोंदी खुल्या ठेवण्याबद्दल मी आग्रही आहे, कारण माझ्या डोक्यात उजेड पडला तो दुसऱ्यांनी खुल्या ठेवलेल्या नोंदींमुळेच. कोडाईकनालच्या जुन्या काचा डिजिटल होऊन सर्वांसमोर आल्या, आदित्यच्या नोंदी इस्रो टप्प्याटप्प्याने देते. चांगलं आहे. नांदेडच्या किंवा कोल्हापूरच्या विद्यापीठात एम.एस्सी. करणाऱ्या मुलीला अडीच मीटरच्या दुर्बिणीवर रात्र मिळणं कठीण. पण लॅपटॉप असतो, आणि सूर्याचे वर्णपट मिळाले तर ती जगातल्या कुठल्याही गटाच्या बरोबरीने या प्रश्नाला भिडू शकते. इथे फोटॉनांची टंचाई नाही, डोक्यांची आहे.

या कामातून वर्तमानपत्रात ग्रहाचा मथळा होणार नाही, हे मला कळतं. रोज सूर्य मोजला याबद्दल पुरस्कार देणारी समिती मी अजून ऐकलेली नाही. बढतीच्या अर्जात ही ओळ कुठल्या रकान्यात लिहायची हाही प्रश्नच असेल. तो रकाना तयार करणं संचालकांच्या हातात आहे. त्यांनी तो करावा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सोलापूरचा एक निवृत्त भौतिकशास्त्र प्राध्यापक

ता. क. नोंदी जाहीर कराल तेव्हा फक्त शेवटी काढलेला वेग देऊ नका, मूळ वर्णपट द्या. गाळलेल्या नोंदीही द्या आणि का गाळल्या ते शेजारी लिहा. यंत्र कधी उघडलं, कधी तापलं, कधी वीज गेली, याची रोजवही सोबत जोडा. ती इंग्रजीत असली तरी चालेल.